वनप्रवाहांचे अम्लीभवन, उत्तरेकडील

उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत सूचिपर्णी व मिश्र अरण्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या आणि लहान नद्यांच्या पाण्याची अम्लता वाढून त्यांतील जीवसृष्टी क्षीण होण्याच्या प्रक्रियेस वनप्रवाहांचे अम्लीभवन म्हणतात. नॉर्वे व स्वीडन यांचे दक्षिण भाग, स्कॉटलंड व वेल्स यांतील डोंगराळ प्रदेश, कॅनडाचा पूर्व भाग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यूयॉर्क व न्यू हँपशर या राज्यांतील पर्वतीय प्रदेश येथे ही प्रक्रिया विसाव्या शतकात प्रकर्षाने आढळून आली. तिचा इतिहास दोन दृष्टींनी महत्त्वाचा आहे. मासे मरू लागल्यापासून त्यामागील कारण सर्वमान्य होईपर्यंत सुमारे ऐंशी वर्षे गेली. तसेच पावसातील अम्ल जिवांना थेट मारते ही प्रारंभीची कल्पना अपुरी ठरून, प्रवाहाचे भवितव्य त्याच्या पाणलोट क्षेत्रातील मातीत ठरते, हे या संशोधनातून स्पष्ट झाले.

भूमी व जल : पाण्याची अम्लता हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असते व ती पीएच मूल्याने दर्शवितात. हे मापन घातांकी असल्यामुळे पीएच मूल्य ६ वरून ५ वर आले, तर हायड्रोजन आयन दसपट होतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळल्यामुळे निर्मळ पावसाचे पाणीही किंचित अम्लीय असते व त्याचे पीएच मूल्य सु. ५·६ असते. असे पाणी चुनखडीच्या प्रदेशातून वाहिले, तर खडकातील कार्बोनेटामुळे त्याचे उदासिनीकरण होते आणि पाण्यात बायकार्बोनेटाचा पुरेसा साठा राहतो. बाहेरून येणाऱ्या अम्लाला हा साठा प्रतिरोध करतो.

वर उल्लेखिलेल्या प्रदेशांत मात्र ही सोय नाही. तेथील खडक मुख्यत्वे ग्रॅनाइट व पट्टिताश्म असून त्यांची वातावरणक्रिया (झीज) अतिशय मंद असते. हिमयुगातील हिमबर्फाच्या थरांनी जुनी माती खरवडून नेल्यामुळे सध्याची माती पातळ व सु. दहा-बारा हजार वर्षांच्या आतली आहे. स्प्रूस व पाइन यांची सुईसारखी पाने थंड हवेत सावकाश कुजतात व मातीवर ह्यूमसाचा अम्लीय थर साचतो. परिणामी ओढ्यांच्या पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट अत्यल्प असतात. असे पाणी दिसावयास स्फटिकासारखे स्वच्छ असले, तरी रासायनिक दृष्ट्या ते दुर्बल असते.

प्रारंभीची निरीक्षणे : रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये मँचेस्टर शहराच्या परिसरातील पावसाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. शहरातील पावसात दगडी कोळशाच्या धुरापासून आलेले सल्फ्यूरिक अम्ल असते, असे त्यांनी दाखविले. १८७२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी ‘अम्ल पर्जन्य’ ही संज्ञा वापरली. तथापि हा प्रश्न शहरातील इमारती, कापड व झाडे यांच्यापुरताच असल्याची समजूत त्यानंतर बराच काळ टिकून होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण नॉर्वेतील नद्यांत सॅमन माशांची पकड घटू लागली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे मोठ्या संख्येने मासे एकाच वेळी मरून पडल्याच्या नोंदी आहेत. पीएच मूल्याची संकल्पनाच मुळी कोपनहेगन येथील सरेन सरेनसन यांनी १९०९ मध्ये मांडली. म्हणजे या नद्यांतील मासे अम्लता मोजण्याचे साधन हाती येण्यापूर्वीच कमी होऊ लागले होते. १९२०–३० या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ क्नुट डाल यांनी अम्लीय पाण्याचा ट्राउट माशांच्या पिलांवर होणारा परिणाम अभ्यासला. अंडी उबविण्याच्या केंद्रांत येणारे पाणी चुनखडीवरून वाहू दिल्यास पिले वाचतात, असा अनुभव त्या काळी आला. उपाय सापडला होता. अम्ल कोठून येते हे मात्र उमगले नव्हते. दलदली व अरण्यातील माती हाच त्याचा उगम मानला जाई. नॉर्वेतील आल्फ डानेव्हिग यांनी १९५९ मध्ये माशांचा ऱ्हास व अम्लीय पाऊस यांचा संबंध सुचविला, परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. एव्हिल गॉरम यांनी १९५५ च्या सुमारास इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील पावसाची अम्लता औद्योगिक भागांकडून येणाऱ्या वाऱ्यांशी जोडली होती. त्यांचे कार्यही दशकभर दुर्लक्षित राहिले.

या विखुरलेल्या निरीक्षणांची सांगड स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी घातली. स्वीडनमध्ये हान्स एग्नेर यांच्या पुढाकाराने १९४८ पासून पावसाच्या रासायनिक मापनाचे जाळे उभारले गेले होते व पुढे ते यूरोपच्या अन्य देशांत विस्तारले. शेतीला पावसातून किती पोषणद्रव्ये मिळतात, हे पाहणे हा त्याचा मूळ हेतू होता. या मापनांवरून ओडेन यांनी दाखविले की, पाऊस वर्षानुवर्षे अधिक अम्लीय होत असून अम्लीय पावसाचा पट्टा पसरत आहे आणि त्यातील गंधकाचा मोठा भाग ब्रिटन व मध्य यूरोप येथून वाऱ्याबरोबर येतो. आपले निष्कर्ष त्यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये स्टॉकहोमच्या एका दैनिकातून जनतेपुढे मांडले. राष्ट्राराष्ट्रांमधील हे एक प्रकारचे रासायनिक युद्ध आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे या प्रश्नास प्रथमच राजकीय महत्त्व प्राप्त झाले.

वादाचा काळ : १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत स्वीडनने या विषयावर स्वतंत्र अहवाल सादर केला. त्याच वर्षी नॉर्वेने अम्ल पर्जन्याचा अरण्ये व मासे यांवरील परिणाम अभ्यासण्याची व्यापक योजना हाती घेतली. ती १९८० पर्यंत चालली. आरोप मान्य झाल्यास धूर सोडणाऱ्या देशांना वीजनिर्मिती केंद्रांवर मोठा खर्च करावा लागणार होता, तर तो फेटाळला गेल्यास उत्तरेकडील नद्या निकालात निघणार होत्या. यामुळे पुराव्याच्या प्रत्येक दुव्याची कसून छाननी झाली.

सर्वांत गंभीर आक्षेप नॉर्वेतूनच आला. ऑस्लो विद्यापीठातील भूवैज्ञानिक इव्हान रोझेनक्विस्ट यांनी १९७७ मध्ये असे मांडले की, पावसातून येणाऱ्या अम्लापेक्षा मातीत मुळातच असलेले अम्ल कितीतरी अधिक आहे. डोंगरातील उन्हाळी कुरणे ओसाड पडून तेथे पुन्हा झुडपे व अरण्य वाढल्यामुळे ह्यूमसाचा थर जाड झाला व ओढे अम्लीय बनले, असे त्यांचे मत होते. या आक्षेपात तथ्यांश होता. मातीतील अम्लाचा साठा खरोखरच मोठा असतो.

त्याला उत्तर मिळाले ते हान्स मार्टिन सेइप व अन्य रसायनशास्त्रज्ञांनी पुढे आणलेल्या भ्रमणशील ऋणायनाच्या संकल्पनेतून. मातीतील अम्ल तेथेच राहते, कारण हायड्रोजन व ॲल्युमिनियम यांचे धनायन एकटे वाहून जाऊ शकत नाहीत. विद्युत् भार समतोल राखण्यासाठी त्यांच्याबरोबर तितकाच ऋणायन जावा लागतो. पावसातून येणारा सल्फेट आयन या पातळ मातीत फारसा अडकून राहत नाही. तो पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो आणि उतरताना धनायनांना सोबत नेतो. प्रारंभी हे धनायन कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे असतात आणि ओढ्याला काही जाणवत नाही. मातीतील त्यांचा साठा रोडावला, म्हणजे त्यांची जागा हायड्रोजन व ॲल्युमिनियम घेतात. अम्ल मातीचे, पण त्याला ओढ्यापर्यंत पोहोचविणारे वाहन मात्र धुरातून आलेले, असा हा उलगडा होता.

दुसरा पुरावा सरोवरांच्या तळच्या गाळातून मिळाला. करंडक वनस्पती (डायाटम) या सूक्ष्म शैवलांच्या जाती विशिष्ट अम्लतेतच वाढतात व त्यांची सिलिकेची कवचे गाळात हजारो वर्षे टिकतात. रिक बॅटरबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०–९० या दशकात नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील राउंड लॉक ऑफ ग्लेनहेड यासारख्या सरोवरांतील गाळाचे थर अभ्यासले. दीर्घकाळ स्थिर असलेली अम्लता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, म्हणजे कोळशावर चालणारे उद्योग वाढल्यावर, झपाट्याने वाढल्याचे त्यांना आढळले. ज्या पाणलोटांत नवे अरण्य वाढलेच नव्हते, तेथेही हेच घडले होते. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी आणि नॉर्वे व स्वीडन येथील विज्ञान अकादमी यांनी मिळून चालविलेल्या संशोधनाची सांगता १९९० मध्ये झाली. त्याला पैसा ब्रिटिश वीज व कोळसा मंडळांनीच पुरविला होता. त्यातून अम्ल पर्जन्य हेच मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष निघाला. सूचिपर्णी वृक्षांची दाट लागवड धुरातील गंधक अधिक प्रमाणात पकडून अम्लीभवन तीव्र करते, हेही वेल्समधील ओढ्यांच्या अभ्यासातून दिसून आले.

जीवसृष्टीवरील परिणाम : १९७५ च्या वसंत ऋतूत दक्षिण नॉर्वेतील टोव्हडाल नदीत बर्फ वितळू लागताच ट्राउट मासे हजारोंनी मेले. हेल्गे लाइव्हेस्टाड व आय्. पी. मुनिझ यांनी या माशांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा त्यातील सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण फार घटलेले दिसले. गोड्या पाण्यातील मासा कल्ल्यांवाटे सतत क्षार शोषून घेत असतो. अम्लीय पाण्यात हे शोषण मंदावते व शरीरातील क्षार बाहेर झिरपतात. कॅल्शियम कल्ल्यांच्या पेशींमधील सांधे घट्ट ठेवते. म्हणूनच कॅल्शियमयुक्त पाण्यात जी अम्लता मासा सहन करतो, तीच मृदू पाण्यात प्राणघातक ठरते.

१९७९ मध्ये अमेरिकेतील क्रिस्टोफर क्रोनन व कार्ल स्कोफील्ड यांनी ईशान्येकडील डोंगरांतल्या मातीतून अम्ल पर्जन्यामुळे ॲल्युमिनियम सुटून प्रवाहांत येते, हे दाखविले. ॲल्युमिनियम हे मातीतील अत्यंत विपुल मूलद्रव्य असून एरव्ही ते अविद्राव्य रूपात बंदिस्त असते. पीएच मूल्य ५ ते ५·५ च्या आसपास असताना त्याची संयुगे कल्ल्यांवर साचतात, श्लेष्मा वाढतो आणि श्वसन व क्षारांचे नियमन ही दोन्ही कार्ये बिघडतात. अशा रीतीने माशाला मारणारा पदार्थ आकाशातून न येता त्याच्याच पाणलोटातील मातीतून येतो. सॅमनची अंडी, पिले आणि विशेषतः समुद्राकडे निघालेले तरुण मासे यास सर्वाधिक बळी पडतात. अमेरिकेतील ब्रुक ट्राउट तुलनेने सोशिक आहे.

वर्षभराच्या सरासरी अम्लतेपेक्षा काही दिवसांची तीव्र अम्लता अधिक घातक असते. हिवाळाभर बर्फात साठलेल्या प्रदूषक पदार्थांपैकी निम्म्याहून अधिक भाग पहिल्या सु. ३० टक्के वितळपाण्याबरोबर बाहेर पडतो, असे नॉर्वेतील प्रयोगांत आढळले. यामुळे उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यांत निर्दोष वाटणारा ओढाही वसंतात मृतप्राय होऊ शकतो. टोव्हडालमध्ये हेच घडले होते.

प्रवाहातील अन्य जीवांवर होणारा परिणाम न्यू हँपशरमधील हबर्ड ब्रुक या प्रायोगिक अरण्यात पद्धतशीर तपासला गेला. हे अरण्य अमेरिकेच्या वनसेवेने १९५५ मध्ये स्थापन केले होते. १९६३ मध्ये जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोर्मान, नॉय जॉन्सन व रॉबर्ट पीअर्स यांनी तेथील लहान पाणलोटांत पावसातून येणाऱ्या व ओढ्यातून जाणाऱ्या प्रत्येक द्रव्याचा ताळेबंद ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांनी घेतलेल्या पावसाच्या पहिल्याच नमुन्याचे पीएच मूल्य ३·७ होते. १९७७ मध्ये याच अरण्यातील नॉरिस ब्रुक या ओढ्याच्या एका भागात वसंतापासून सप्टेंबरपर्यंत सल्फ्यूरिक अम्ल सोडून पीएच मूल्य सु. ४ वर ठेवण्यात आले. तळातून ॲल्युमिनियम व कॅल्शियम सुटले, कीटकांची अर्भके मोठ्या प्रमाणात प्रवाहाबरोबर वाहून गेली आणि पाण्यातून बाहेर पडणाऱ्या प्रौढ कीटकांची संख्या एक-तृतीयांशाहून अधिक घटली.

निरनिराळ्या प्राणिगटांची सहनशक्ती भिन्न असते. गोगलगाई, शिंपले व गॅमॅरस हे कवचधारी प्राणी पीएच मूल्य ६ च्या खाली सहसा टिकत नाहीत, कारण कवचासाठी त्यांना कॅल्शियम लागते. मेफ्लाय कीटकांपैकी बीटिस वंशातील जातीही लवकर नाहीशा होतात. स्टोनफ्लायच्या काही जाती मात्र ५ च्या खालीही जगतात. या भेदाचा उपयोग करून गुन्नार रॅडम यांनी १९८०–९० या दशकात केवळ तळातील प्राण्यांच्या यादीवरून ओढ्याची अम्लता ठरविण्याची पद्धती विकसित केली. महिन्यातून एकदा घेतलेला पाण्याचा नमुना क्षणिक अम्लता चुकवू शकतो. ओढ्यात वर्षभर राहणारा कीटक ती चुकवू शकत नाही. वनप्रवाहातील अन्नसाखळी मुख्यतः गळून पडलेल्या पानांवर आधारलेली असते. ही पाने कुरतडणारे प्राणी व कुजविणारे सूक्ष्मजीव घटले, की पाने तळाशी तशीच साचतात आणि पुढील सर्व साखळी दुबळी होते. वेल्समधील अम्लीय ओढ्यांवर डिपर हा कीटकभक्षक पक्षीही विरळ झाल्याचे आढळले.

नैसर्गिक अम्लता : प्रत्येक अम्लीय ओढा प्रदूषित असतोच असे नाही. उत्तर स्वीडन व फिनलंड येथील पीटयुक्त भूमीतून वाहणाऱ्या पिंगट पाण्यात ह्यूमिक व अन्य कार्बनी अम्ले विपुल असतात. तेथे वसंतातील पुरात पीएच मूल्य निसर्गतःच बरेच उतरते. असे असूनही या पाण्यात मासे व कीटक आढळतात, कारण ह्यूमिक पदार्थ ॲल्युमिनियमाला बांधून ठेवतात व त्याची विषारी रूपे कमी होतात. शिवाय तेथील जीव सहस्रावधी वर्षे अशा पुरांना सरावलेले आहेत. उत्तर स्वीडनमधील क्रिक्लान पाणलोट क्षेत्रात व परिसरातील ओढ्यांत झालेल्या अभ्यासांतून १९९० नंतर हे स्पष्ट झाले की, तेथील वसंतकालीन अम्लतेचा मोठा वाटा नैसर्गिक आहे. अशा ओढ्यांत चुना टाकणे अनावश्यक व प्रसंगी अनिष्टही ठरते. यावरून पीएच मूल्याचा नुसता आकडा पुरेसा नसून अम्ल कोणते, कॅल्शियम किती व ॲल्युमिनियम कोणत्या रूपात, हे तिन्ही पाहावे लागतात.

उपाय व पुनरुज्जीवन : १९७९ मध्ये जिनीव्हा येथे दूरगामी हवा-प्रदूषणाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८५ च्या हेलसिंकी संधीने गंधकाचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले. तीवर ब्रिटनने सही केली नाही. ऑस्लो (१९९४) व गॉथेनबर्ग (१९९९) येथील संधींत सर्वांना सारखी टक्केवारी लावण्याऐवजी निरनिराळ्या प्रदेशांतील माती व पाणी किती अम्ल सोसू शकते, याचा आधार घेण्यात आला. अमेरिकेत १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने वीजनिर्मिती केंद्रांवर मर्यादा घातल्या. १९८० च्या तुलनेत यूरोपातील गंधकाचे उत्सर्जन पुढील चार दशकांत चार-पंचमांशांहून अधिक घटले. दक्षिण आशियात हवेतील कॅल्शियमयुक्त धुळीमुळे पावसाचे बव्हंशी उदासिनीकरण होते. तरीही पूर्वानुभव ध्यानात घेऊन भारतासह आठ देशांनी १९९८ मध्ये माले येथे अशाच आशयाचा जाहीरनामा स्वीकारला.

पाऊस सुधारला तरी ओढे त्या मानाने सुधारले नाहीत. नॉर्वेतील रिसडालसहेइया येथे १९८४ पासून एका लहान पाणलोटावर पारदर्शक छत उभारून त्याखाली स्वच्छ पाऊस पाडण्यात आला. ओढ्यातील सल्फेट व नायट्रेट घटले, परंतु अम्लता फार सावकाश उतरली. हबर्ड ब्रुकमध्येही १९९६ मध्ये लाइकेन्स व त्यांचे सहकारी याच निष्कर्षाला पोहोचले : दीर्घकाळच्या अम्ल पर्जन्याने मातीतील कॅल्शियमाचा साठा धुपून गेला आहे आणि खडकांच्या मंद झिजेतून तो भरून येण्यास दशकानुदशके लागतील. याची परीक्षा म्हणून ऑक्टोबर १९९९ मध्ये तेथील सु. १२ हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेटाची भुकटी पसरण्यात आली. त्यानंतर ओढ्यातील पीएच मूल्य वाढले व शुगर मॅपल वृक्षांची प्रकृती सुधारली. पावसातील सल्फेट घटल्यावर अनेक प्रवाहांचे पाणी अधिक पिंगट झाल्याचेही दिसून आले. अम्लीभवनाच्या काळात मातीत अडकून राहिलेली कार्बनी द्रव्ये पुन्हा विरघळू लागल्याचे ते लक्षण मानले जाते.

दरम्यान स्वीडनने १९८२ पासून व नॉर्वेने त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर पाण्यात चुनखडीची भुकटी मिसळण्याचे काम हाती घेतले. टोव्हडाल नदीत १९९६ पासून व मांडाल नदीत १९९७ पासून स्वयंचलित यंत्रांद्वारे ती सोडली जाऊ लागली. दोन्ही नद्यांत नाहीसे झालेले सॅमन पुन्हा दिसू लागले. परंतु हा उपाय पाण्यावर होतो, मातीवर नाही. चुना थांबविला, की वसंतातील पहिल्याच पुरात जुना धोका पुन्हा उभा राहू शकतो.

मोत्यांचा गोड्या पाण्यातील शिंपला या साऱ्या इतिहासाचा साक्षी म्हणता येईल. त्याचे सूक्ष्म अर्भक काही महिने सॅमन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढते व नंतर ओढ्याच्या तळाशी स्थिरावते. प्रौढ शिंपला शंभराहून अधिक वर्षे जगू शकतो. मासे नाहीसे झाल्यावरही काही प्रवाहांत वृद्ध शिंपले दशकानुदशके टिकून राहिले. त्यांच्यात नवी पिढी तेवढी आली नाही. असा ओढा वरवर पाहणाऱ्यास जिवंतच भासतो. पाण्याचे रसायन सुधारणे हा पुनरुज्जीवनाचा पहिला टप्पा आहे. माती, मासा व शिंपला असा तुटलेला संबंध पुन्हा जुळणे हा दुसरा असून तो पुष्कळ ठिकाणी अद्याप अपूर्ण आहे.